खोकणाऱ्याचं पुस्तक

विट्याच्या वाचनालयात मी उणीपुरी अडीच वर्षं नोकरी केली आणि तेवढ्यात एका माणसाचं पुस्तक मोडलं. फाडलं नाही. फाटलेली पुस्तकं चिकटवायचा तर मला पगार मिळायचा. मोडलं म्हणजे, त्यानं जन्मभर एक म्हणून जपलेलं पुस्तक मी दोन करून त्याच्या हातात ठेवलं आणि वर शाबासकीची वाट बघत उभी राहिले. आता साताऱ्यात एका कॉलेजच्या ग्रंथालयात बसते. समोर संगणक असतो, पोरं पुस्तकापेक्षा वायफायचा पासवर्ड जास्त मागतात. दुपारी तीनच्या सुमाराला वाचनकक्षात ऊन तिरकं येतं, पंख्याचा तेवढा आवाज राहतो, आणि कुठल्यातरी कपाटाआड कुणीतरी खोकतं. मी मान वर करते. कुणी नसतं असं नाही, एखादा परीक्षेचा पोरगा असतो. पण मान वर करायची सवय गेली नाही.

सगळे त्यांना शेठ म्हणायचे. आमच्या मेढ्याकडं शेठ म्हणजे किराणा दुकानदार, तोही एकुलता एक. विट्यात मात्र दर तिसरा माणूस शेठ. इथली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली. जुने दागिने वितळवायचे, त्यातलं सोनं शुद्ध करून द्यायचं, हा तो धंदा. हे शेठ चाळीस वर्षं मदुरैला भट्टीपुढं बसून परत आलेले. धोतर-टोपी गावची, पण होकार द्यायचा झाला की तोंडातून ‘सरी, सरी’ बाहेर पडायचं. चहाला तोंड लावायचे नाहीत. घरून कॉफीचा थर्मास आणायचे आणि पितळी वाटीतून पेल्यात, पेल्यातून वाटीत अशी उंचावरून ओतत बसायचे. कॉफी निवेपर्यंत पुस्तक उघडायचं नाही, हा नियम. त्यांना पहिल्यांदा तसं ओतताना बघितलं तेव्हा मी म्हटलं, “शेठ, सांडेल पुस्तकावर.” ते म्हणाले, “चाळीस वर्षं वितळल्यालं सोनं वतलंय पोरी, एक थेंब सांडला न्हाई. कॉफीचं काय घिऊन बसलीस.” आणि खरंच, अडीच वर्षांत एक थेंब सांडला नाही.

त्यांची माझी ओळख मात्र त्याआधीच, एका गुन्ह्यावरून झाली होती. नोकरी लागली त्या आठवड्यात मी पुस्तकं तपासत होते, तर बऱ्याच पुस्तकांच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं बारीक आकडा दिसायला लागला. एका रहस्यकथेवर ६४. एका विज्ञानकथेवर ८१. दोन शिकाऱ्यांच्या गोष्टींवर ७० आणि ७३. एका मोठ्या पारितोषिकाच्या कादंबरीवर ९९. पानांचे आकडे म्हणावेत तर जुळेनात. किमती म्हणाव्यात तर त्याही नव्हेत. मी वहीत यादी करायला लागले. रहस्यकथा लहानपणी खूप वाचलेल्या, त्यामुळं आपल्याला एक प्रकरण मिळालं म्हणून मनातून आनंदच झाला होता. शेवटी आमचे शिपाईमामा म्हणाले, “आवं मॅडम, त्यो शेठचा टंच हाय.”

टंच म्हणजे सोन्याची शुद्धता, शंभरात किती सोनं आणि किती भेसळ ते. शेठ पुस्तकांचा टंच काढायचे.

नियमानं मी त्यांना रागवायला हवं होतं, सार्वजनिक पुस्तकावर लिहिणं हा दंडाचा गुन्हा. तशी रागावलेही. ते शांतपणे म्हणाले, “खोडून टाक की. रबर हाय न्हवं तुज्याकडं?” मी रबर घेऊन बसले आणि चौथ्या पुस्तकाला थांबले. कारण त्या चार पुस्तकांतली तीन मी वाचलेली होती आणि आकडे बरोबर होते.

त्यांची तपासायची रीत अशी. पुस्तक हातात घेतलं की पहिलं पान वाचायचं नाही. मधेच कुठंतरी उघडायचं आणि ते एकच पान सावकाश, ओठ हलवत वाचायचं. “दागिना उजळ दिसतोय तितं कसाला लावायचा नसतो,” ते सांगायचे. “पैलं पान कुणीबी चांगलं लिवतंय, त्याला पालिश केल्यालं असतंय. खरं सोनं झिजल्याल्या जागी कळतं. पुस्तकाची झिजल्याली जागा मधी असती, तितं लिवणारा दमल्याला असतो.” त्या पानावर मन बसलं तर पुस्तक घरी जायचं. मग पूर्ण वाचून, चार दिवस मुरवून, आकडा पडायचा.

आत्मचरित्रांना आकडा नसायचा. “सवताचा टंच सवताच काढू नये, नजर लबाडी करती.” अनुवादांना ते कधी हिणवत नसत, फक्त दोन कमी द्यायचे. एका मुशीतलं दुसऱ्या मुशीत ओतलं की थोडी घट यायचीच, त्याला इलाज नाही. प्रेमकथांवर त्यांचा राग नव्हता, पण कीव होती. आणि ती श्रीमंत कसं व्हावं, सकाळी कितीला उठावं असल्या पुस्तकांचा नवा रॅक आम्ही दर्शनी लावला होता, त्याच्या एका पुस्तकावर आकड्याऐवजी एकच शब्द सापडला: ‘मुलामा’.

सगळ्यात जास्त ते वाचायचे रहस्यकथा आणि भुताखेताच्या गोष्टी. आमच्या समितीचे कार्यवाह निवृत्त प्राध्यापक होते, त्यांना याचं दुःख होतं. एकदा ते सगळ्यांसमोर म्हणाले, “शेठ, तुमची जाण एवढी चांगली. मग सदुसष्ट टंचाच्या भयकथांत आयुष्य का घालवताय? नव्याण्णवची वाचा की!” शेठनी कॉफी शेवटची एकदा वरून ओतली.

“सर, वहिनींच्या गळ्यात काय आसतं रोज?”

“मंगळसूत्र.”

“त्यात तांबं हाय म्हणून टिकतंय. निव्वळ सोन्याचं केलं तर आठ दिवसात वाकंल, झिजंल. निव्वळ सोनं ठिवायचं असतं. कपाटात. दिवाळीला काढायचं, बघायचं, डोळं निवलं की परत ठिवायचं. मी ती पुस्तकं बी वाचतोच की. पण मला रोज घालायला काय तरी पायजे.”

सर हसले आणि चष्मा पुसायला लागले. मला मात्र त्या दिवशी एक जुना अपराध सुटल्यासारखं वाटलं. एम.ए.ला असताना मी भयकथा उशीखाली लपवून वाचायची आणि मैत्रिणींना दुसरीच नावं सांगायची. घालायची पुस्तकं आणि ठेवायची पुस्तकं. एवढी साधी विभागणी मला कुठल्या समीक्षेच्या पेपरात मिळाली नव्हती.

शंभर मात्र त्यांनी कुणालाच दिले नव्हते. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, “शंभर निघतच न्हाई. नव्याण्णवाच्या वर काटा गेला की समजायचं, आपलंच कायतरी चुकलंय, परत तपासायचं.”

आता त्या लाल पुस्तकाकडं येते.

त्याला नाव नव्हतं. मुखपृष्ठ, नावाचं पान, लेखक, प्रकाशक, सगळं कधीच गळून गेलेलं. पूर्वी कधीतरी वाचनालयानं फाटक्या पुस्तकांचा गठ्ठा बाइंडिंगला दिला होता, त्यात हे लाल रेक्झिनमध्ये बांधून आलं, आणि बाइंडरनं पुठ्ठ्यावर पांढऱ्या रंगानं नुसतं ‘रहस्य’ लिहून टाकलं. शेवटची पानंही नव्हती. गोष्ट एकशे ब्याण्णव पानावर अर्ध्या वाक्यात संपायची. आणि त्यापुढं, मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, पेन्सिलीचे आकडे. एक नाही, पंधरा. एकाखाली एक. ६०, मग ६८, मग ७१, ७४… असे चढत गेलेले, मधे एकदा घसरलेले, आणि शेवटचा ९१.

“सोन्याचा टंच वाढतो का कधी?” मी विचारलं.

“सोन्याचा न्हाई वाढत,” ते म्हणाले. “घिऊन जा. वाच.”

एका रविवारी, खोलीवर, पांघरूण घेऊन लोळत मी ते वाचलं. एका लहानशा स्टेशनातला तारबाबू नाहीसा होतो. त्याला शोधायला एक तपासनीस येतो, तापानं फणफणलेला, सारखा खोकणारा. गाव त्याला काही सांगत नाही. शेवटी तो एकटाच कंदील घेऊन मळ्यातल्या विहिरीवर जातो. एकशे बारावं पान असं संपतं: ‘कंदील खाली सोडून तो विहिरीत डोकावला आणि’. पान उलटलं की एकशे तेरावं सुरू होतं: ‘खोकल्याचा आवाज आला, तेव्हा ती वाती वळत होती.’

तिथून पुढं एक जुना बंगला, एकटी राहणारी एक बाई, आणि माडीवर कुणाचातरी खोकला. ती वर जाते तेव्हा कुणी नसतं. ती पाण्याचा तांब्या जिन्यावर ठेवायला लागते. सकाळी तो रिकामा असतो. तपासनिसाचं नाव पुन्हा येत नाही. तारबाबूचं येत नाही. नुसता खोकला, पायऱ्यांवरची पावलं, आणि कपाटं उघडल्याचा, काहीतरी शोधत असल्याचा आवाज. वाचता वाचता बाहेर दुपार कधी कलली कळलं नाही. खिडकीतून शेजारच्या यंत्रमागांचा खटखटाट येत होता, तोही मला त्या बंगल्यातलाच वाटायला लागला. मी उठून दाराची कडी बघून आले. घातलेली होती.

दुसऱ्या दिवशी शेठ वाट बघत होते. “कळलं का?”

“तपासनीस विहिरीत पडला,” मी म्हटलं.

“पडला. मेला. पण त्येला ठावं न्हाई आपण मेलोय ती. त्यो अजून शोधतोयच. आन् ती बाई म्हंजे हरवल्याल्या तारबाबूची बायकू. दोघं एकाच माणसाला हुडकत्यात, एका घरात. आन् एकमेकाला दिसंनात.” त्यांनी लाल पुठ्ठ्यावर बोट आपटलं. “असलं मराठीत दुसरं न्हाई. मी हुडकलंय.”

“आणि शेवट? पानं नाहीत शेवटची.”

“शेवट हाय माज्याकडं. तुला सांगायचा न्हाई.”

तो शेवट काय होता हे मला पुढं, फार उशिरा, शिपाईमामांनी सांगितलं; ते शेठच्या शेजारी राहायचे. पण वाचणाऱ्याला ताटकळत ठेवणं मला नको वाटतं, म्हणून इथंच सांगते. शेठ वर्षाकाठी एक महिना गावी यायचे. पहिल्या वर्षी पुस्तक त्यांनी एकट्यानं वाचलं. पुढच्या वर्षापासून ते घरच्या सोप्यात बसून बायकोला वाचून दाखवायचे. तिला वाचता येत नव्हतं. ती बियाण्याच्या शेंगा फोडत ऐकायची. दर सुट्टीत म्हणायची, “आवं, ती खोकणाऱ्याची गोष्ट आना की.” आणि एकशे ब्याण्णव पान संपलं की पुढचं ती सांगायची. दर वर्षी निराळं. एका वर्षी ती बाई जिन्यावर बसून त्याच्याशी नुसत्याच गप्पा मारते. एका वर्षी त्याच्या खोकल्यावर अडुळशाचा काढा करून ठेवते. ज्या वर्षी नवराबायकोत भांडण होतं, त्या वर्षी ती म्हणते, “खोकायचं तर जितनं आलाय तितंच जाऊन खोका!” तो आकडा घसरलेला होता. तिनं सांगून झालं की शेठ पेन्सिल काढायचे. ती विचारायची, “आज किती?” आणि आकडा ऐकला की दर वर्षी तेच: “आवं, एकदा तरी शंभर द्या की. काय जातंय तुमचं?” आणि हे धंद्याला जागणारे गृहस्थ सांगायचे, “शंभर निघतच न्हाई.”

एक्याण्णवच्या वर्षीचा शेवट मामांनी स्वतः कानानं ऐकला होता. ती बाई माडीवर जाते, अंधारात ताट मांडते आणि म्हणते, “तुमी ज्याला हुडकताय त्यो काय घावायचा न्हाई. लय दमला असाल. बसा. जेवा.” पुढच्या सुट्टीच्या आधी ती गेली. शेठना मदुरैहून गाडी मिळून पोचायला दोन दिवस लागले, आणि मयतीला दोन दिवस कुणी थांबत नाही. नंतर त्यांनी भट्टी विझवली आणि कायमचे घरी आले. पुस्तक ते अजूनही दर वर्षी एक महिना घरी न्यायचे. परत आणायचे तेव्हा नवा आकडा नसायचा.

यातलं एक अक्षर मला तेव्हा माहीत नव्हतं. मला फक्त निर्लेखन माहीत होतं.

निर्लेखन म्हणजे जीर्ण पुस्तकं रजिस्टरातून कमी करायची आणि रद्दीत घालायची. समितीनं ते काम माझ्याकडं दिलं. लाल पुस्तकाची पानं हातात पापडासारखी तुटायला लागली होती, तेव्हा ते यादीत आलंच. शेठना कळलं तसे ते टेबलापाशी येऊन उभे राहिले. एरवी कधी कशाला हात न जोडणारा माणूस, त्या दिवशी टोपी काढून हातात धरलेली.

“पोरी, येवढं ठिव. न्हाईतर दुसरी प्रत हुडकून दे कुठनं तरी. मोबाइलवर काय बी घावतं म्हंत्यात.”

मला त्यांच्यासाठी काहीतरी करायचंच होतं. मी दुसरी प्रत शोधायला म्हणून पुस्तक उजेडात धरून बसले आणि मला तो ल दिसला. एकशे बाराव्या पानापर्यंत सगळे ल आपले मराठी, दोन पाकळ्यांचे. एकशे तेराव्यापासून पुढं एकजात हिंदीसारखे, दंडाचे. मी मागं-पुढं पानं उलटली. शंकाच नको. छापखाना वेगळा. सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे सात फर्मे झाले की बरोबर एकशे बारा. बाइंडरपुढं दोन फाटकी पुस्तकं आली असणार, एकाचा पुढचा भाग, एकाचा मागचा. आकार सारखा, पानांचे आकडे लागोपाठ. आकडे जुळले म्हणून त्यानं ती शिवली.

माझ्या अंगावर काटा आला, पण आनंदाचा. जुन्या पुस्तकांच्या एका व्हॉट्सॲप गटावर मी दोन पानांचे फोटो टाकले. तिसऱ्या दिवशी साताऱ्याच्या एका संग्राहकाचा निरोप: दोन्ही आहेत, या. रविवारी एसटीनं साताऱ्याला गेले. त्या सद्गृहस्थानं दोन धड पुस्तकं पुढ्यात ठेवली आणि नेऊही दिली. परतीच्या एसटीत मी दोन्ही वाचून काढली. पहिल्यात तपासनीस विहिरीत डोकावतो आणि त्याच्या लक्षात येतं की विहीर कोरडी आहे. तो मरत नाही, त्याचा खोकला बरा होतो, तारबाबू पुण्यात सापडतो. दुसऱ्यात माडीवर एक चुलता लपलेला असतो. दोन्ही गोष्टी बेताच्या होत्या. पण मला गोष्टींशी कर्तव्य नव्हतं, मी उकल केली होती.

सोमवारी दुपारी शेठची कॉफी निवायच्या आत मी तिन्ही पुस्तकं टेबलावर मांडली. ल दाखवले. फर्मे मोजून दाखवले. रहस्यकथेच्या शेवटच्या प्रकरणात तपासनीस सगळ्यांना बसवून सांगतो तसं अगदी क्रमानं सांगितलं. ते ऐकत होते. पेला एका हातात वर, वाटी खाली. ओतायचे थांबले होते.

“मंजे त्यो मेला न्हाई,” ते म्हणाले.

“नाही ना! तोच तर घोटाळा.”

“आन् खोकत कोण हुतं?”

“चुलता. इस्टेटीसाठी लपलेला.”

“सरी,” ते म्हणाले. मग थोड्या वेळानं पुन्हा, “सरी, सरी.” कॉफी तशीच ठेवून त्यांनी ती दोन पुस्तकं पिशवीत घातली आणि जिना उतरून गेले. लाल पुस्तकाला हात लावला नाही.

शाबासकी नाही मिळाली म्हणून मी घटकाभर फुगले होते. शिपाईमामा थर्मास उचलायला आले आणि म्हणाले, “काय क्येलंसा मॅडम ह्ये.” मग त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सोपा, शेंगा, अडुळसा, ताट. मी खुर्चीवर बसले ती उठलेच नाही. ज्या घरात ती बाई अजून ताट मांडत होती, ते घर मी दोन लांच्या जोरावर पाडलं होतं. मला माझ्या हुशारीची एवढी शरम कधी वाटली नव्हती, त्यानंतरही वाटली नाही.

तीन आठवडे शेठ आले नाहीत. त्या तीन आठवड्यांत दुपार फार लांब व्हायची. त्यांच्या नेहमीच्या खुर्चीवर ऊन यायचं, बसायचं आणि निघून जायचं. मी लाल पुस्तक यादीतून काढायची, परत घालायची. ठेवावं तर कशासाठी, आणि रद्दीत द्यावं तर कुठल्या हातानं, हे ठरेना. त्यांच्या घरी जाऊन माफी मागावी असं रोज ठरवायची आणि बाजारपेठेच्या चौकापर्यंत जाऊन परत यायची.

चौथ्या सोमवारी ते आले. वाळलेले दिसले. दोन्ही पुस्तकं टेबलावर ठेवली. मी सवयीनं शेवटची पानं उघडली. एकावर ५८, दुसऱ्यावर ६१.

“शेठ, माझं चुकलं. मामांनी मला सगळं…”

“गप. आदी ऐक.” त्यांनी माझ्या पॅडवरची चिठ्ठी ओढली, पेन्सिल काढली. “अट्ठावन आन् एकसष्ट एका मुशीत वितळवलं तर काय निघंल?”

“साठ. साठाच्या आसपास.”

“साठ.” त्यांनी लाल पुस्तकाचा मागचा पुठ्ठा उघडला आणि पहिल्या आकड्यावर बोट ठेवलं. ६०. “पैल्या वर्षीच टंच बरोबर निगाला हुता माजा. मी एकटा वाचत हुतो तवा. तवाच वळखायला पायजे हुतं.” बोट खाली खाली सरकत गेलं, शेवटच्या आकड्यावर थांबलं. “मंग वरचं सोनं कुठनं आलं?”

त्यांना खोकला आला. मी उठून पाण्याचा पेला भरला आणि त्यांच्यासमोर ठेवला.

पाणी पिऊन ते चिठ्ठीवर आकडे मांडायला लागले. बराच वेळ मांडत होते. “तीन आटवडं ह्योच हिसाब करतोय. साठाच्या ढिगाचं एक्याण्णव करायचं तर वरनं निव्वळ सोनं वतावं लागतं, तिपटीच्या वर. आन् हिनं घातलं किती? चार वाक्यं. बसा, जेवा. संपलं.” त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “किलूच्या ढिगात गुंजभर सोनं टाकून टंच येवढा चढत न्हाई पोरी. मदुरैत न्हाई, कुठल्याच भट्टीत न्हाई. चढला, म्हंजे हिचं सोनं शंभराच्या वरचं हुतं. आन् म्या बसलो हुतो, शंभर निघतच न्हाई म्हणत. चौदा वर्सं मागत हुती ती.”

मामा दाराशी झाडू घेऊन उभे होते, ते तसेच उभे राहिले. शेठनी पुस्तक जवळ ओढलं आणि ९१ च्या खाली, सुबक अक्षरात, १०० लिहिलं. पेन्सिलीचं टोक कागदात रुतलं होतं, मागं उमटलं असणार. मग लाल पुस्तक त्यांनी खांद्यावरच्या उपरण्यात गुंडाळलं, पिशवीत घातलं आणि म्हणाले, “आता ह्ये घालायचं न्हाई. आता ठिवायचं.”

उठता उठता त्यांचं लक्ष माझ्या उघड्या रजिस्टराकडं गेलं. निर्लेखनाच्या यादीत शेवटचा रकाना कारणाचा असतो.

“कारण काय लिवलंयस त्याच्याम्होरं?”

“जीर्ण,” मी म्हटलं.

“खोड ती.” ते जिन्याच्या दारापर्यंत गेले, तिथं कठडा धरून वळले. “लिव, वाचून झालं.”

मी खोडलं, आणि तसं लिहिलं.